आजाऱ्याकडे पाहायचे कसे?

वृद्ध रुग्णाला घेऊन येणारी मुले-सुना माझ्यासमोर बसतात, तेव्हा एक वाक्य हमखास कानी पडते : "डॉक्टर, हल्ली फार चिडचिड करतात." मी विचारतो, "केव्हा?" उत्तर येते, "सारखीच." दिवसातून किती वेळा, असे विचारले की मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. एक म्हणतो दहा वेळा, दुसरा म्हणतो काल तर काहीच नव्हते. रक्तदाबाचे आकडे, साखरेचे आकडे, औषधांच्या वेळा त्यांना पाठ असतात. ज्या गोष्टीसाठी ती आलेली असतात, तिची नोंद मात्र कोणापाशी नसते.

यात त्यांचा दोष आहे, असे मला वाटत नाही. रात्रंदिवस शुश्रूषा करणारा माणूस थकतो, आणि थकलेल्या मनाला सकाळचे दोन कलह संध्याकाळपर्यंत पुरतात. शिवाय पाहणे हीसुद्धा शिकण्याची विद्या आहे, हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते. मलाही वैद्यकीय महाविद्यालयात ते पुरते कळले नव्हते. कळले ते एका चुकीनंतर.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलून सांगतो. निवृत्त शिक्षक, वय ७९, मधुमेह जुना, स्मृतिभ्रंशाचे निदान होऊन चार वर्षे झालेली. घरात सारे त्यांना अप्पा म्हणत. त्यांच्या सूनबाई एके दिवशी एकट्याच आल्या. "अप्पा आरडाओरडा करतात, सांभाळणाऱ्या मावशींना मारायला धावतात. मावशी काम सोडून जाईन म्हणतात. काहीतरी द्या, डॉक्टर." मावशी गेल्या तर सूनबाईंना नोकरी सोडावी लागणार होती, हेही त्यांनी खाली मान घालून सांगितले. मी अप्पांना त्याआधी तीन वेळा तपासले होते. आजार ठाऊक होता. स्मृतिभ्रंशात असे होतेच, असे म्हणून मी शांत करणारी एक गोळी अल्प प्रमाणात लिहून दिली. ओरडणे थांबले. अप्पा दिवसभर पेंगू लागले, आणि बाराव्या दिवशी पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले. हाड मोडले नाही, हे त्यांचे आणि माझेही दैव. पण त्यानंतर तीन आठवडे ते अंथरुणाला खिळून होते.

या वर्गातील गोळ्यांमुळे स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिलेला आहे. तो मला माहीत होता. कधीकधी त्या द्याव्याच लागतात, हेही खरे. (आपल्या घरी कोणाला त्या चालू असतील तर हा लेख वाचून आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांशी बोलावे.) माझी चूक गोळी देण्यात जेवढी होती, त्याहून अधिक ती न पाहता देण्यात होती. अप्पा केव्हा ओरडतात, हा साधा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

अप्पा सावरल्यावर मी गोळी बंद केली आणि सूनबाईंना शंभर पानी वही आणायला सांगितली. पानावर उभ्या रेघा ओढून तीन रकाने करून दिले. पहिल्यात ओरडण्याच्या आधी काय चालले होते, दुसऱ्यात अप्पांनी नेमके काय केले, तिसऱ्यात त्यानंतर काय झाले. शेजारी वेळ. ही युक्ती माझी नाही. मानसशास्त्रात वर्तनाचा अभ्यास करणारे अशाच तीन भागांत नोंद करतात.

मानसशास्त्र म्हटले की आपल्याला प्रश्नावली आठवते, नाहीतर डोळे मिटून पडलेला रुग्ण आणि त्याला प्रश्न विचारणारा डॉक्टर. परंतु ज्याला प्रश्न विचारता येत नाही, त्याचे मन जाणायचे कसे? तान्हे मूल उत्तर देत नाही. स्मृती हरवलेला माणूस उत्तर देतो, पण ते त्याच प्रश्नाचे असेल याची खात्री नसते. अशा ठिकाणी शास्त्रज्ञापाशी एकच साधन उरते : पाहणे, आणि पाहिलेले लगेच लिहून ठेवणे. मानसशास्त्रात निरीक्षण ही प्रयोगाइतकीच मान्य अशी संशोधनपद्धती आहे.

या पद्धतीचा एक जुना आणि घरगुती नमुना चार्ल्स डार्विन यांचा आहे. त्यांचा पहिला मुलगा १८३९ च्या डिसेंबरात जन्मला आणि बापाने टिपणवही उघडली. सातव्या दिवशी बाळाच्या तळपायाला कागदाचा तुकडा लावला, तेव्हा त्याने पाय झटकन मागे घेतला आणि बोटे आखडली, अशी नोंद त्यांनी केली. बाळ रागावले, बाळाला आवडले नाही, असे न लिहिता पाय आणि बोटे यांचे काय झाले, ते लिहिले. या टिपणांवरचा त्यांचा लेख छापला गेला १८७७ मध्ये, म्हणजे सदतीस वर्षांनी. तोवर ते बाळ चांगले बापये झाले होते! पुढे स्वित्झर्लंडमध्ये जाँ पियाजे यांनी आपल्या तीन मुलांना असेच न्याहाळले आणि मुलांची बुद्धी कशी उमलते याविषयीच्या त्यांच्या सिद्धांताला तेथूनच मोठा आधार मिळाला. दोघांनीही आपल्याच घरात, आपल्याच माणसांवर डोळस लक्ष ठेवले होते, हे मला येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

आपल्या विषयाला अधिक जवळची नोंद १९०१ सालची आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे नावाची ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांचे नाव अलॉइस अल्झायमर. दुपारी ती जेवत असताना ते शेजारी बसले आणि काय खाते आहेस, असे त्यांनी विचारले. ती म्हणाली, पालक. ताटात होते फ्लॉवर आणि डुकराचे मांस. अल्झायमर यांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या, ताटातली आणि तोंडातली. 'रुग्ण गोंधळलेली आहे' एवढेच लिहून ते उठले असते, तरी त्यांना कोणी नाव ठेवले नसते. १९०६ मध्ये ती वारली, आणि तिच्या मेंदूच्या तपासणीतून जे दिसले ते त्यांनी त्याच वर्षी ट्युबिंगेन येथील सभेत मांडले. आज साऱ्या जगाला ठाऊक असलेल्या आजाराला त्यांचेच नाव मिळाले. तिच्या आजाराचे कागद पुढे हरवले होते, ते १९९५ मध्ये फ्रँकफुर्टमध्येच सापडले, आणि नव्वद वर्षांनंतरच्या डॉक्टरांना ती दुपार जशीच्या तशी वाचता आली. निरीक्षण नोंदले असेल तरच हे होते. नुसते मत नोंदले असेल तर नाही.

आता अप्पांच्या वहीकडे वळू. पहिल्या दिवसाची नोंद होती : "सकाळी खूप त्रास दिला." मी सूनबाईंना म्हटले, "'त्रास दिला' हे तुमचे मत झाले, ताई. कॅमेऱ्याने काय टिपले असते, तेवढेच लिहा." त्या जराशा नाराज झाल्या. रात्रभर जागून सकाळी अशी शाळा घ्यावी लागली तर कोणीही होईल. पण दुसऱ्या दिवसापासून नोंद बदलली : "८.३५. आंघोळ झाली. मावशी बनियन घालत होत्या. 'सोड सोड' म्हणून ओरडले. डाव्या हाताने मावशींना ढकलले. बनियन तसेच ठेवले. पाच मिनिटांत शांत."

नऊ दिवसांत सतरा नोंदी झाल्या. 'सारखीच' चिडचिड दिवसाला दोनदासुद्धा नव्हती, हे पाहून सूनबाईच चकित झाल्या. सतरांपैकी तेरा नोंदी सकाळी आठ ते नऊ या एका तासातल्या होत्या. आंघोळीचा राग असेल, असे मला वाटले. स्मृतिभ्रंशात तो पुष्कळदा असतो. पण रविवारची नोंद वेगळी होती. रविवारी मावशींची सुट्टी. मुलाने वडिलांना आंघोळ घातली, बनियन घालण्याची खटपट न करता अंगावर पंचा गुंडाळून गॅलरीत उन्हाला बसवले. नोंद : "ओरडले नाहीत." पुढच्या रविवारीही तेच.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन अप्पांचा सदरा काढायला लावला. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. थोडा जोर देताच भुवया एकत्र आल्या, ओठ आवळले गेले, श्वास अडकला. खांदा पुरता आखडलेला होता. मधुमेहात हे इतरांपेक्षा अधिक आढळते आणि मला ते सुचायला हवे होते. आधीच्या तिन्ही तपासण्यांत अप्पा खुर्चीत बसलेले होते आणि मी सदऱ्यावरूनच छाती तपासली होती. डोक्यातून बनियन घालताना रोज सकाळी जीव कळवळत होता, आणि ते सांगायला शब्द उरले नव्हते.

आपण विचाराल, दुखते का, हे कोणी त्यांना विचारले नव्हते काय? विचारले होते, मीच. पण कसे? "अप्पा, कुठे दुखत वगैरे नाही ना?" असे. आणि अप्पांनी हसून मान हलवली होती.

यावरून एका घोड्याची हकिकत सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गणिते सोडवी. बेरीज विचारली की योग्य तितक्या वेळा खूर आपटून थांबे. त्याचा मालक निवृत्त गणितशिक्षक होता. त्याने कोणालाही फसवले नव्हते. १९०४ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने पाहणी केली, तिलाही लबाडी आढळली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण अभ्यासकाने बारकाईने निरीक्षण केले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकत असे. योग्य संख्या जवळ आली की विचारणाऱ्याच्या मानेची, चेहऱ्याची अगदी सूक्ष्म हालचाल होई, ती त्याला स्वतःलाही कळत नसे. घोडा गणित वाचत नव्हता, माणूस वाचत होता.

स्मृती गेली तरी समोरच्याचा चेहरा वाचण्याची शक्ती पुष्कळ रुग्णांत दीर्घकाळ टिकते. मुलगा "बरं वाटतंय ना?" म्हणतो, त्याचा चेहरा 'हो म्हणा' असे सांगत असतो, आणि आई 'हो' म्हणते. म्हणून प्रश्न सरळ विचारावा, होकार-नकार दोन्हींना वाव ठेवून : "हात दुखतो का?" आणि उत्तर येवो न येवो, हात हलवताना चेहरा पाहावा. ज्यांना बोलता येत नाही अशा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या वेदनेसाठी २००३ मध्ये एक मोजपट्टी प्रसिद्ध झाली. ती पाच गोष्टी पाहते : श्वास, कण्हणे किंवा तत्सम आवाज, चेहरा, अंगाची ठेवण, आणि धीर दिल्यावर माणूस शांत होतो की नाही. प्रत्येकीला शून्य ते दोन असे गुण, एकूण दहांपैकी. घरी गुण मोजण्याची गरज नाही. या पाच जागा पाहायच्या असतात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. पाहायचे ते मात्र हालचालीच्या वेळी. नुसते पडून असलेल्या माणसाचा खांदा किंवा गुडघा गप्प असू शकतो.

पाहणाऱ्याचा पूर्वग्रह ही या पद्धतीची सर्वात मोठी अडचण आहे. घरात सासू-सुनेचा जुना इतिहास असला तर तो वहीत उतरतोच. 'मुद्दाम करतात' ही नोंद मी शेकडो वेळा वाचली आहे. संशोधनात यावर उपाय असा की, दोघांनी एकमेकांना न दाखवता त्याच वेळेची नोंद करायची आणि मग ताडून पाहायची. अप्पांच्या घरी मावशींना लिहिता येत नसे. त्या संध्याकाळी सांगत आणि नातू लिहून घेई. बनियन चढवताना अप्पा नेहमी उजवाच हात आखडून धरतात, हे सूनबाईंच्या नोंदीत कुठेच नव्हते. ते मावशींच्या नोंदीत होते. पगारी माणसाला आपण काही विचारत नाही. तो मात्र सर्वांत अधिक वेळ पाहत असतो.

दुसरी अडचण अशी की, आपल्याकडे कोणी पाहते आहे हे कळताच माणूस बदलतो. दवाखान्यात रक्तदाब वाढलेला दिसतो आणि घरी नेमका उतरतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण डॉक्टरांपुढे पंधरा मिनिटे इतके व्यवस्थित बोलतात की सोबतची सून खोटी ठरावी. म्हणून माझ्या पंधरा मिनिटांपेक्षा आपल्या वहीतले आठ दिवस मला अधिक उपयोगी पडतात. हल्ली परदेशातील मुले येथील आई-वडिलांच्या खोलीत कॅमेरा बसवून अमेरिकेतून पाहत असतात. त्यामागची काळजी मी जाणतो. पण न सांगता बसवलेला कॅमेरा मला पटत नाही. ब्रिटनमधील ब्रॅडफर्ड येथे टॉम किटवुड या मानसशास्त्रज्ञाने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या निरीक्षणाची एक पद्धत सहकाऱ्यांसह घडवली. तिच्यात निरीक्षक सहा-सहा तास बसून दर पाच मिनिटांनी नोंद करतात. पण ते बसतात सामाईक दिवाणखान्यात. निजण्याची खोली आणि न्हाणीघर तेथे वर्ज्य आहे. जो माणूस नाही म्हणू शकत नाही, त्याच्या बाबतीत ही मर्यादा आपणच आखावी लागते.

एका गोष्टीत मात्र वही भरण्याची वाट पाहू नये. कालपर्यंत बरा असलेला वृद्ध माणूस तासा-दोन तासांत किंवा एक-दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागला, त्याचे लक्ष एका जागी ठरेना, सकाळी ठीक आणि रात्री अनोळखी असा चढउतार दिसू लागला, तर तो स्मृतिभ्रंश वाढल्याचा प्रकार समजू नये. जुनी माणसे याला 'वात झाला' म्हणत. डॉक्टर डेलिरियम म्हणतात. मूत्रमार्गाचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातले पाणी किंवा सोडियम कमी होणे, लघवी तुंबणे, तीव्र बद्धकोष्ठ, नवे सुरू केलेले औषध, अशी कारणे त्यामागे असतात आणि बहुतेकांवर इलाज असतो. यातला एक प्रकार गप्प असतो. रुग्ण ओरडत नाही, उलट सुस्त पडून राहतो, जेवायला उठत नाही. घरचे म्हणतात, आज आजी शांत आहेत. हा शांतपणा नवा असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आजी रोज कशा असतात हे मला माहीत नसते, ते आपल्याला माहीत असते. म्हणून हे निदान आपल्या सांगण्यावाचून मला करता येत नाही.

अप्पांचे पुढे काय झाले? आंघोळीच्या आधी पॅरासिटामॉल, खांद्याला शेक, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट. बनियन बंद, पुढून बटणे असलेला सैल सदरा सुरू. घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी. सकाळचे ओरडणे पंधरवड्यात बरेचसे कमी झाले, पूर्ण थांबले नाही. संध्याकाळच्या चार नोंदींचे कारण मला शेवटपर्यंत सापडले नाही. मावशी मात्र राहिल्या, आणि सूनबाईंची नोकरीही.

वही चालूच राहिली. किटवुड यांच्या पद्धतीत माणूस केव्हा त्रासलेला आहे, याबरोबर तो केव्हा सुखात आहे, हेही नोंदतात, असे मी बोलता बोलता सांगितले होते. सूनबाईंनी ते मनावर घेतले आणि चौथा रकाना आखला. दोन वर्षांनी अप्पा न्यूमोनियाने गेले. महिन्याभराने त्या दवाखान्यात आल्या तेव्हा वही त्यांच्या पिशवीत होती. त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि एक पान उघडले. चौथ्या रकान्यात लिहिले होते : "दुपारी ४. खिडकीशी बसले होते. खाली शाळेची मुले ओरडत गेली. 'दप्तरं भरली का रे' म्हणाले. दोनदा हसले."